घुबड म्हणजे ‘म’: हायरोग्लिफ वाचायला शिकण्याची अडीच वर्षे

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते. इतिहासाची किंवा भाषाशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. 2019 मध्ये मोडीचा वर्ग केला होता, आजोबांच्या पेटीतली जमिनीची कागदपत्रे त्यामुळे वाचता आली, आणि न कळणारी ओळ हळूहळू बोलू लागते तेव्हा काय वाटते ते तिथे पहिल्यांदा अनुभवले. त्याच ओढीने जून 2022 मध्ये प्राचीन इजिप्तची चित्रलिपी, म्हणजे हायरोग्लिफ, शिकायचे ठरवले. कोणत्या क्रमाने शिकावे, किती पैसे लागतात, माणूस नेमका कुठे अडतो, हे मराठीतून सांगणारे तेव्हा कोणी सापडले नाही. म्हणून झाले तसे, तारखांसकट लिहीत आहे.

पहिले तीन महिने वाया गेले. शंभर वर्षांपूर्वीच्या, हक्क संपलेल्या एका पुस्तकाची पुनर्मुद्रित आवृत्ती 650 रुपयांना मिळाली, म्हणून तीच घेतली. त्यातील उच्चारांची पद्धत आज कोणी वापरत नाही आणि बरेच अर्थही मागे पडले आहेत, हे मला सप्टेंबरात कळले. तोवर पाठ केलेले सुमारे दोनशे शब्द पुन्हा नव्याने शिकावे लागले. स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या पुस्तकांपासून सुरुवात करू नका, हे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला आधी सांगते. शब्दकोशासाठी बर्लिनमधील विद्वानांनी चालवलेला मोफत ऑनलाइन कोश आहे आणि चिन्हे संगणकावर मांडायला ‘जेसेश’ ही मोफत प्रणाली आहे. सुरुवातीला एवढ्यावर भागते.

सप्टेंबर 2022 मध्ये ब्रिटनमधील एका विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाच्या ऑनलाइन वर्गात नाव नोंदवले. सत्र दहा आठवड्यांचे, वर्षात तीन सत्रे, प्रत्येकाचे शुल्क 230 पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण 21,000 रुपये आणि वर बँकेचे शुल्क. माझ्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते, त्यामुळे शाखेत जाऊन पैसे पाठवावे लागले. त्यासाठी ए-2 अर्ज, पॅन, पारपत्राची प्रत आणि विद्यापीठाचे शुल्कपत्र लागले. अर्जात पैसे कशासाठी पाठवत आहोत त्याचा सांकेतिक क्रमांक भरायचा असतो. मी पहिल्यांदा चुकीचा भरला आणि रक्कम परत आली. दुसऱ्या खेपेस ती पोहोचली तेव्हा नऊ दिवस गेले होते आणि नोंदणीच्या शेवटच्या तारखेला दोनच दिवस उरले होते. शुल्क शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये.

पहिला तास गुरुवारी, 6 ऑक्टोबरला होता. तिकडची संध्याकाळची साडेसहा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे अकरा. ऑक्टोबरच्या शेवटी तिकडची घड्याळे एक तास मागे जातात, तेव्हा नोव्हेंबरपासून वर्ग मध्यरात्री बारा ते दोन असा झाला. सकाळी दहाला कामावर हजर व्हायचे असल्याने शुक्रवार जड जात असे. घरातल्यांनी ते सारे निभावून नेले, हे इथे नोंदवते.

पहिल्या तासाला शिक्षिकेने फळ्यावर दोन लांबट वर्तुळे काढली. राजाचे नाव ज्या दोरीसारख्या वेढ्यात लिहितात त्याला फ्रेंच सैनिकांनी बंदुकीच्या काडतुसावरून ‘कार्तुश’ हे नाव दिले, आणि तेच रूढ झाले. एक कार्तुश रोझेटा शिळेवरील (एकच मजकूर हायरोग्लिफ आणि ग्रीकसह तीन लिप्यांत कोरलेला दगड) टॉलेमीचे, दुसरे फिले बेटावरून इंग्लंडला नेलेल्या स्तंभावरील क्लिओपात्राचे. दोन्ही नावांत ‘प’, ‘ओ’ आणि ‘ल’ हे ध्वनी आहेत. टॉलेमीच्या नावात पहिला आलेला चौकोन क्लिओपात्राच्या नावात पाचवा येतो. पहुडलेला सिंह आणि दोरीचा फासही असेच आपापल्या अपेक्षित जागी सापडतात. ‘त’ मात्र एका नावात भाकरीने आणि दुसऱ्यात हाताच्या पंजाने दाखवला आहे, म्हणजे एकाच ध्वनीला दोन चिन्हे असू शकतात. तासाभरात वर्गातल्या चौदाही जणांना दोन्ही नावे वाचता आली. त्या रात्री मला झोप लागली नाही. आता फक्त बाराखडी पाठ करायची राहिली आहे, असे वाटले.

या लिपीबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज तोच आहे आणि त्यातून बाहेर पडायला मला पाच महिने लागले. टॉलेमी आणि क्लिओपात्रा ही इजिप्तवर नंतर राज्य केलेल्या ग्रीक घराण्यातली, म्हणजे ग्रीक नावे, म्हणून ती जवळजवळ एकेका अक्षराने लिहिली आहेत. इजिप्तच्या स्वतःच्या शब्दांत चिन्हे तीन प्रकारची कामे करतात. काही ध्वनी देतात, तेही एक, दोन किंवा तीन व्यंजनांचे. काही थेट वस्तू सांगतात. आणि काही शब्दाच्या शेवटी मुकेपणाने उभी राहून तो शब्द कोणत्या वर्गातला आहे ते दाखवतात. घराच्या आराखड्याचे चिन्ह काढून त्याखाली एक उभी रेघ दिली की अर्थ ‘घर’, उच्चार ‘पर’. त्याच चिन्हाखाली ‘र’ देणारे तोंड आणि शेवटी चालणारे दोन पाय काढले की अर्थ ‘बाहेर पडणे’. इथे घराच्या चित्राचा घराशी काही संबंध उरत नाही, त्याचा फक्त आवाज उसना घेतला आहे. तीन व्यंजनांच्या ‘नेफेर’ या चिन्हाजवळ ‘फ’ आणि ‘र’ पुन्हा लिहिलेले असतात, ते नव्याने उच्चारायचे नसतात. वाचणाऱ्याचा हात धरण्यासाठी ते तिथे असतात. स्वर लिहिलेलेच नाहीत. आपण वर्गात म्हणतो तो ‘ए’ अभ्यासकांनी सोयीसाठी घातलेला आहे.

ही लिपी उलगडणारा फ्रेंच अभ्यासक शांपोल्यों याने 1821 मध्ये रोझेटा शिळेवरील चिन्हे मोजली, तेव्हा ग्रीक मजकुरातल्या 486 शब्दांसमोर हायरोग्लिफची 1,419 चिन्हे आली. शिळेचा हायरोग्लिफ भाग वरून फुटलेला असताना हा आकडा! एक चिन्ह म्हणजे एक शब्द, हा शेकडो वर्षांचा समज त्या साध्या मोजणीने कोसळतो. हिशेबाचे काम करणारी असल्यामुळे असेल, पण त्याच्या साऱ्या कामातली ही गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते.

चिन्हे पाठ करण्याची रीत सांगते, कारण इथे बरेच जण सोडून देतात. इंग्रज अभ्यासक ॲलन गार्डिनर यांनी 1927 च्या व्याकरणात चिन्हांची वर्गवारी केली आणि आजही तीच चालते: माणसे, माणसाचे अवयव, पक्षी, वनस्पती, इमारती, दोऱ्या अशी. सातशेच्या वर चिन्हे आहेत. रोज दहा चिन्हे हाताने काढायची, प्रत्येक पाच वेळा, असा नियम मी केला. फक्त पाहून ती लक्षात राहत नाहीत, हे मी अनुभवाने सांगते. पक्ष्यांनी फार छळले. घुबड म्हणजे ‘म’, लाव्याचे पिल्लू म्हणजे ‘व’, गिधाड म्हणजे घशातला एक हलका खटका. पाकोळी आणि चिमणी जवळजवळ सारख्याच दिसतात; पाकोळीचे शेपूट दुभंगलेले, चिमणीचे गोल. पाकोळी असेल तर शब्द ‘थोर’, आणि चिमणी शब्दाच्या शेवटी आली की तो क्षुद्र किंवा वाईट गोष्टींच्या वर्गातला. झिजलेल्या दगडावर शेपटाचे टोक पाहण्यासाठी गुडघे टेकून बसावे लागते, ते पुढे कळले.

दुसरे सत्र जानेवारी 2023 मध्ये सुरू झाले आणि व्याकरण आले. द्विवचन आले तेव्हा मी एकटीच निवांत होते, कारण शाळेतल्या संस्कृतमुळे ‘रामौ’ पाठ होते. इजिप्तचे लोक आपल्या देशाला ‘दोन भूमी’ म्हणत, ते द्विवचनातच. क्रियापदांनी मात्र पाय ओढले. वाक्य क्रियापदापासून सुरू होते: ‘ऐकतो तो’, आणि मध्ये एक पाण्याची लाट, म्हणजे ‘न’, आला की ‘ऐकले त्याने’. हे ‘ऐकणे’ गाईच्या कानाने आणि घुबडाने लिहितात. पण लाट नसलेले तेच रूप कधी वर्तमान, कधी इच्छा, कधी हेतू सांगते, आणि भेद ज्या स्वरांत होता ते स्वर लिहिलेले नाहीत. मार्चच्या चाचणीत मला शंभरपैकी 34 गुण मिळाले. पुढच्या सत्रात जाण्यासाठी 50 लागत होते. दुसरे सत्र वर्षातून एकदाच होत असल्याने पुन्हा बसायचे तर जानेवारी 2024 उजाडणार होता आणि शुल्कही पुन्हा भरावे लागणार होते. मी दोन महिने वही उघडली नाही.

मेमध्ये शिक्षिकेला पत्र लिहिले. त्यांनी माझी उत्तरपत्रिका परत पाठवली आणि सोबत एकच प्रश्न विचारला: तुम्ही वाक्य मोठ्याने वाचता का? मी वाचत नव्हते. चिन्हे पाहून थेट मराठी अर्थ लिहीत होते, म्हणजे कोडे सोडवत होते, भाषा शिकत नव्हते. त्यांनीच मला शांपोल्योंच्या कॉप्टिकची आठवण दिली. कॉप्टिक ही इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांची भाषा, प्राचीन भाषेचे शेवटचे रूप, ग्रीकवरून घेतलेल्या अक्षरांत लिहिलेले आणि म्हणून स्वरांसह. ती आजही तिथल्या चर्चमधील प्रार्थनांत ऐकू येते. इंग्रज शास्त्रज्ञ टॉमस यंग यांनी टॉलेमीच्या नावाचे अनेक ध्वनी आधी ओळखले होते आणि त्यांचे श्रेय मोठे आहे, पण शांपोल्यों तरुणपणापासून कॉप्टिकमध्ये मुरलेला होता. दक्षिण इजिप्तमधील अबू सिम्बेलच्या मंदिरातल्या एका नावाचे रेखाटन 14 सप्टेंबर 1822 ला त्याच्यासमोर आले. आरंभी सूर्याची चकती, मग एक अनोळखी चिन्ह, शेवटी दोन ‘स’. कॉप्टिकमध्ये सूर्य म्हणजे ‘रे’. मधले चिन्ह रोझेटा शिळेवर जन्मदिवसाच्या उल्लेखात आले होते आणि कॉप्टिकमध्ये जन्म देणे म्हणजे ‘मीसे’. रे, म-स, स: रामसेस. ग्रीकांच्या राजवटीच्या सुमारे हजार वर्षे आधीचे नाव ध्वनींनी लिहिलेले होते. भावाच्या कचेरीत धावत जाऊन ‘मला सापडले’ एवढे सांगून तो बेशुद्ध पडला, असे सांगतात. 27 सप्टेंबरला त्याचा निबंध पॅरिसच्या अकादमीत वाचला गेला. ध्वनी ओळखण्याचे काम इतरांनाही जमले असते; त्या ध्वनींतून शब्द ऐकू येण्यासाठी भाषा आधी कानात असावी लागते, अशी माझी खात्री आहे.

त्यानंतर मी रोज पहाटे वीस मिनिटे मोठ्याने वाचत गेले. जून ते डिसेंबर 2023 या काळात एकच लहान कथा सहा वेळा उतरवून काढली. जानेवारीत पुन्हा शुल्क भरले (पौंड तोवर 105 रुपयांच्या आसपास गेला होता), मार्चमध्ये 61 गुण मिळाले आणि तिसरे सत्र पार करून 20 जून 2024 च्या परीक्षेत न पाहिलेल्या उताऱ्याचे भाषांतर केले. प्रमाणपत्र टपालाने यायला सात आठवडे लागले. चार सत्रांचा खर्च, बँकेचे शुल्क धरून, 96,000 रुपयांच्या थोडा वर गेला.

इजिप्तला जायचे मग नक्की झाले. आतेबहीण बरोबर यायला तयार झाली. 2025 चा रमजान मार्चच्या आरंभी येत होता आणि त्या महिन्यात तिथली स्थळे लवकर बंद होतात, म्हणून फेब्रुवारी निवडला. व्हिसासाठी मुंबईत कागद दिले: किमान सहा महिने मुदतीचे पारपत्र, छायाचित्रे, सहा महिन्यांचे बँक विवरण, दोन वर्षांची आयकर विवरणपत्रे, परतीचे तिकीट, हॉटेलांची नोंदणी, प्रवासाचा दिवसवार आराखडा आणि नोकरीच्या ठिकाणचे रजेचे पत्र. आमच्या कार्यालयाच्या पत्रावर शिक्का राहून गेला होता, तो घेऊन दुसऱ्यांदा मुंबई गाठावी लागली. त्यानंतर 19 दिवसांनी व्हिसा हाती आला. अटी बदलत असतात, तेव्हा अर्ज करण्याच्या आठवड्यात यादी नव्याने पाहून घ्यावी, आणि हॉटेल रद्द करता येईल असेच निवडावे. मोठ्या स्थळांच्या तिकीट खिडक्यांवर रोख घेत नाहीत, कार्डच लागते. दोन वेगवेगळी कार्डे जवळ ठेवलेली बरी.

10 फेब्रुवारीच्या सकाळी कैरोच्या तहरीर चौकातल्या संग्रहालयात शिरलो. दाराजवळच रोझेटा शिळेची प्रतिकृती आहे, मूळ शिळा 1802 पासून लंडनमध्ये आहे. पहिला अर्धा तास मला काहीही वाचता आले नाही. अडीच वर्षे मी छापील चिन्हे पाहिली होती, आणि गार्डिनरचे ठसे थीब्जच्या (आजच्या लक्झरच्या) अठराव्या राजवंशातील थडग्यांवरून घडवलेले आहेत. दगडावरचे घुबड तसे नसते. दर शतकाचा, दर गावाचा, दर कारागिराचा हात वेगळा. ओळी उजवीकडून, डावीकडून, वरून खाली. शब्दांत अंतर नाही (मोडीची सवय इथे उपयोगी पडली). मी एका बाकावर बसून राहिले आणि डोळे भरून आले.

आतेबहिणीने सहज विचारले, ‘हे पक्षी सगळे उजवीकडे का बघतात ग?’ माणसे आणि प्राणी ज्या दिशेला तोंड करतात तिकडून ओळ सुरू होते, हे मी तिला सांगितले आणि सांगता सांगता उजव्या टोकाला पाहिले. तिथे लव्हाळ्याचे रोप, भाकरीचे चिन्ह, चटईवर ठेवलेला नैवेद्य आणि उभट त्रिकोण होता. ‘हेतेप दी नेसू’: राजा देतो तो नैवेद्य. लव्हाळे म्हणजे राजा. आदरापोटी त्याला लिहिताना पुढे आणतात, वाचायचे शेवटी. मृतांच्या हजारो स्मृतिशिळांवर हीच सुरुवात असते. पुढे मृतांचा देव ओसायरिस, जेदूचा स्वामी, थोर देव, अबीडोसचा स्वामी (जेदू आणि अबीडोस ही त्याची तीर्थक्षेत्रे). त्याने द्याव्यात भाकरी, बिअर, बैल, पक्षी, तलम वस्त्रे. एकदा धागा हाती लागल्यावर दुपारपर्यंत सहा शिळांचे आरंभ वाचून झाले. नवख्याने पहिल्या दिवशी फक्त हे एकच वाक्य शोधत हिंडावे. तळमजल्यावर दारापासून डावीकडे निघाले की दालने कालक्रमाने लागतात, त्यात मध्य राज्याच्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या काळातल्या, शिळा शोधाव्यात. पाठ्यपुस्तकातली भाषा त्याच काळातली आहे.

रात्रीच्या आगगाडीने लक्झर गाठले. कर्नाकमध्ये 12 आणि 13 या दोन्ही सकाळी मी पहिल्या सेनुस्रेतच्या पांढऱ्या मंडपाजवळ घालवल्या. सुमारे 3,900 वर्षांपूर्वीचा हा चुनखडीचा मंडप नंतर मोडून त्याचे दगड तिसऱ्या प्रवेशमनोऱ्यात भरावासाठी घातले गेले. विसाव्या शतकात ते काढून पुन्हा उभारले. भरावात दडून राहिल्यामुळे कोरीव काम इतके ताजे आहे की लाव्याच्या पंखांची पिसे मोजता येतात. चिन्हे उठावाची आहेत, म्हणून सकाळी सातच्या तिरप्या उन्हात त्यांची सावली पडते आणि अक्षर उठते. अकरानंतर ऊन डोक्यावर आले की तीच भिंत सपाट दिसू लागते. राजाच्या कार्तुशात सूर्य, शेणकिडा आणि उचललेले दोन बाहू. देव पुढे लिहायचा, शेवटी वाचायचा: खेपर-का-रे, हे सेनुस्रेतचे राज्यावर आल्यावरचे नाव. एका खांबाची एक बाजू उतरवायला मला तीन तास लागले. चार शब्दांपुढे मी प्रश्नचिन्ह घातले, त्यातले दोन अजून तसेच आहेत.

अबीडोसला 14 तारखेला गाडी करून गेलो. लक्झरहून अडीच-तीन तास, दोघींत मिळून 5,800 रुपये. सेती पहिला याच्या मंदिरातील 76 राजांच्या यादीसमोर मी नावे मोठ्याने वाचत गेले. हातशेप्सूत, अखेनातेन, तुतांखामून ही नावे तिथे मुद्दाम गाळली आहेत, आणि जिथे ती असायला हवी होती तिथे आधीच्या राजाला नंतरचा राजा असा सरळ चिकटला आहे की माहीत नसेल तर शंकाही येत नाही.

17 फेब्रुवारी हा शेवटचा दिवस पुन्हा तहरीरला ठेवला होता. कोपऱ्यातल्या एका लहान शिळेपुढे थांबले, जेमतेम हातभर उंच. राजाचा नैवेद्य, ओसायरिस, भाकरी आणि बिअर, मग कमळाचे रोप म्हणजे एक हजार. ‘अमुकच्या का साठी’ (‘का’ म्हणजे माणसाची जीवनशक्ती) असे म्हणून जिथे नाव यायला हवे तिथे दगडाचा टवका उडालेला होता. तुटलेल्या कडेपलीकडे एकत्र बांधलेली तीन कातडी दिसत होती. जन्म देण्याचे ‘म-स’ हे चिन्ह, रामसेसच्या नावातले तेच. त्याखाली पाण्याची लाट. पोटी जन्मलेला. पुढे घरधनीण, आणि मग तिचे नाव: देवी आधी लिहिलेली, बदक आणि भाकरी नंतर, वाचायचे उलट, ‘हाथोरची लेक’. शेवटी ‘जिची वाणी खरी ठरली’, म्हणजे दिवंगत.

त्या काळच्या अनेक शिळा येणाऱ्या-जाणाऱ्याला विनवतात की थांबा, आणि हे वाक्य तोंडाने म्हणा. त्यात तुमचा फक्त श्वास खर्च होतो. दालनात त्या वेळी आम्ही दोघीच होतो. मी हळू आवाजात म्हटले: हजार भाकरी, हजार घडे बिअर, हाथोरच्या लेकीच्या मुलासाठी. आतेबहिणीने ते माझ्या वहीत तारखेसह लिहून घेतले, कारण माझा हात कापत होता.